धर्म आणि नीती या विषयांवरील शालेय संशोधन प्रकल्प : आरे कॉलनीतील उदाहरणांसह मार्गदर्शन

दिवाळीची सुट्टी जवळ आली की शाळांमधून प्रकल्पांचे विषय दिले जातात. ‘भारतातील विविध धर्म’, ‘सण आणि पर्यावरण’, ‘अंधश्रद्धा निर्मूलन’, ‘नैतिक मूल्ये’ हे त्यातले नेहमीचे विषय. वस्तीतल्या स्टेशनरीच्या दुकानात त्यांची तयार चित्रे मिळतात, मजकूर मोबाईलवर मिळतो. रंगीत कागदावर चिकटवले की प्रकल्प पूर्ण होतो आणि गुणही पडतात. मुलाने मात्र कोणालाही एक प्रश्न विचारलेला नसतो.

आम्ही उपनगरातल्या वस्त्यांमध्ये मुलांबरोबर काम करतो. आमच्या मुलांपैकी अनेकजण घरातली शिकणारी पहिली किंवा दुसरी पिढी आहेत. आजवर त्यांच्या घरांवर, पाड्यांवर, देवांवर आणि जातीवर इतरांनीच लिहिले. प्रश्न विचारणारा दुसरा आणि उत्तर देणारे आपण, असेच चालत आले. शाळेचा प्रकल्प ही हा क्रम बदलण्याची छोटी पण खरी संधी आहे. म्हणून आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी हे टिपण लिहिले आहे. उदाहरणे आरे कॉलनीतली आहेत, पण पद्धत कुठेही वापरता येईल.

धर्मावर संशोधन म्हणजे काय?

आधी तीन प्रकारचे प्रश्न वेगळे करावेत.

पहिला श्रद्धेचा प्रश्न : देव आहे का, पुनर्जन्म होतो का? शालेय प्रकल्पात याचा निकाल लावता येत नाही.

दुसरा तथ्याचा प्रश्न : लोक काय मानतात, काय करतात, कधीपासून, कोणाबरोबर, त्यात कोणाला प्रवेश आहे आणि कोणाला नाही? याचे उत्तर पाहून, विचारून, वाचून आणि मोजून मिळते. समाजशास्त्राचे काम मुख्यतः इथे चालते.

तिसरा नीतीचा प्रश्न : हे योग्य आहे का? कोणाचे भले होते, कोणाला इजा होते? याचे उत्तर फक्त आकड्यांतून निघत नाही. कारणे द्यावी लागतात आणि विरुद्ध बाजूची कारणे तपासावी लागतात.

प्रकल्प दुसऱ्या प्रश्नावर उभा करावा आणि तिसऱ्यापर्यंत न्यावा. पहिल्यात अडकला तर त्याचे भांडण होते.

आपल्या वाचकांना हा फरक नवा नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धर्म आणि धम्म यांतला भेद सांगताना धम्माच्या केंद्रस्थानी नीती ठेवली. अंगुत्तर निकायातील कालाम सुत्तात केसपुत्त गावचे लोक भगवंतांना विचारतात, की येणारा प्रत्येकजण आपलेच मत खरे सांगतो, मग विश्वास कोणावर ठेवायचा? केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, हा त्या उपदेशाचा गाभा आहे. चांगल्या प्रकल्पाची सुरुवात त्याच ठिकाणी होते.

शाळेत धर्माचा विषय चालतो का, अशी शंका काही शिक्षकांना असते. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मात्र धर्माची दीक्षा किंवा उपासना शिकवणे वेगळे आणि धर्मांचा अभ्यास करणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात हाच फरक मान्य केला. शिवाय अनुच्छेद ५१क मधील मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

आपल्याच परंपरेतील दोन उदाहरणे

१८५५ साली पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे सुमारे चौदा वर्षांची होती. तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेदांवर ब्राह्मणांचाच अधिकार असेल, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्यात उभा केला. तिने नुसता आक्रोश मांडला नाही. पेशवाईतल्या शिक्षा, जमिनीवरून हुसकावले जाणे, बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या बायकांची दशा, असे पुरावे तिने एकामागून एक ठेवले. धर्माच्या दाव्याची तिने जगण्यातल्या तथ्याशी तुलना केली. धर्म आणि नीती या विषयावर एका शाळकरी मुलीने केलेले हे लेखन आजही नमुना म्हणून पुढे ठेवता येते.

दुसरे उदाहरण ९ मे १९१६ चे. पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. ते आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या मांडतात, प्रत्येकीत काय उपयोगी आणि काय अपुरे ते सांगतात आणि त्यानंतरच जातीअंतर्गत विवाह हे जातीचे मूळ लक्षण असल्याचे आपले प्रतिपादन करतात. आधीच्यांनी काय म्हटले ते वाचा, तपासा, मग आपले म्हणा. शाळेच्या प्रकल्पालाही हाच क्रम लागू आहे.

विषय कसा निवडावा?

चालत जाता येईल इतका जवळचा, महिनाभरात माणसे भेटतील इतका लहान आणि उत्तर आधीच ठाऊक नाही असा विषय निवडावा. आरे आणि परिसरात असे विषय भरपूर आहेत.

१) वाघोबा आणि बिबट्या. आरेत वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा आदिवासी समाजांचे सत्तावीस पाडे असल्याचे सांगितले जाते. काही ठिकाणी वाघोबाची स्थाने आहेत. वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी-इंडियाच्या अभ्यासकांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर भागात अशा दीडशे स्थानांची नोंद केली. दुसरीकडे, २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरेत बिबट्याचे लागोपाठ हल्ले झाले. ज्याला देव मानायचे त्याचीच भीती, हे नाते लोक कसे समजावून सांगतात?

२) वसुबारस आणि वाघबारस. दोन्ही आश्विन वद्य द्वादशीला येतात. त्या दिवशी इतरत्र गाय-वासराची पूजा होते, तर अनेक आदिवासी समाजांत वाघाची. १९४९ मध्ये दुग्ध वसाहत म्हणून सुरू झालेल्या आरेत गोठे आणि जंगल शेजारी-शेजारी आहेत.

३) मूर्ती विसर्जन आणि तलाव. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झाले. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. श्रद्धा आणि पाणी यांचा मेळ मंडळे आणि घरे कसा घालतात?

४) झाडे, मेट्रो आणि न्याय. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितले. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, २०२२ मध्ये तो फिरवला गेला आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल मेट्रोचे उद्घाटन झाले. कोणाचे भले, कोणाची किंमत?

५) लेणी आणि आजचे लोक. अंधेरी पूर्वेची महाकाली अर्थात कोंडिविटे लेणी आणि राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी जवळच आहेत. कान्हेरीच्या ब्राह्मी शिलालेखांत कल्याण, सोपारा येथील दात्यांची नोंद सापडते. आज तिथे येणारे लोक त्या जागेला काय समजतात : विहार, देवस्थान की सहलीचे ठिकाण?

विषयाचा प्रश्न करा

‘आदिवासींचे सण’ हा विषय झाला. संशोधनाला प्रश्न लागतो. वर दिलेला दुसरा विषय घेऊ.

कच्चा प्रश्न : आरेत वसुबारस आणि वाघबारस कशी साजरी होते?

पक्का प्रश्न : आरेतील एका पाड्यावर आणि जवळच्या दोन गोठ्यांवर आश्विन वद्य द्वादशीला काय केले जाते, ते कोण करते आणि गेल्या एका पिढीत त्यात काय बदलले?

पक्क्या प्रश्नात जागा ठरली, दिवस ठरला, माणसे ठरली आणि तुलना ठरली. त्याला एक अंदाज जोडावा, म्हणजे गृहीतक. समजा अंदाज असा, की गोठ्यांवर वसुबारस उत्साहाने होत असेल. पण आरेच्या गोठ्यांत प्रामुख्याने म्हशी आहेत आणि तिथे काम करणारे बरेचजण उत्तर भारतातून आलेले आहेत. त्यांच्याकडे वसुबारस नसेलही, कदाचित गोवर्धन पूजेला महत्त्व असेल. अंदाज चुकला तर प्रकल्प फसला असे मुळीच नाही. ‘गोठ्यावर वसुबारस होत नाही आणि त्याची कारणे ही’ हा अस्सल निष्कर्ष आहे. उत्तर अंदाजाप्रमाणे वळवणे एवढे मात्र कधीही करू नये.

आधी वाचन

तीन-चार गोष्टी पुरतात. मराठी विश्वकोश मोफत वाचता येतो. बाबासाहेबांचे लेखन महाराष्ट्र शासनाच्या खंडांत आहे. त्यात जातींवरचा निबंध पहिल्या खंडात आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ अकराव्यात आहे. जुनी माहिती हवी असेल तर १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर पाहावे, कारण साष्टी बेट तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते.

गॅझेटियर वाचताना सावध राहावे. ते इंग्रज सरकारने राज्यकारभारासाठी लिहवून घेतले. त्यात आदिवासी आणि अस्पृश्य समाजांबद्दल तुच्छतेची वाक्ये येतात. ती आपल्या वहीत ‘माहिती’ म्हणून उतरवू नयेत. कोणी, कधी, कशासाठी लिहिले हे प्रत्येक स्रोतासमोर एका ओळीत नोंदवावे. मोबाईलवरच्या मजकुरालाही हाच नियम लावावा. लेखक किंवा संस्था कळत नसेल तर तो मजकूर आधार म्हणून घेऊ नये.

परवानगी आणि वागणूक

धर्म हा माणसाच्या मानाचा विषय आहे. म्हणून पुढील गोष्टींना सूट नाही.

- पाड्यावर जाण्यापूर्वी तिथल्या ज्येष्ठ व्यक्तीला किंवा ओळखीच्या कुटुंबाला भेटून काम समजावून सांगावे. शाळेचे पत्र बरोबर ठेवावे.
- मुलाखतीआधी तीन वाक्ये सांगावीत : आम्ही कोण, हे कशासाठी आणि तुम्हाला नको असेल तर कधीही थांबता येईल.
- आवाज रेकॉर्ड करायचा किंवा फोटो काढायचा तर वेगळी परवानगी घ्यावी. देवस्थानाचा फोटो चालत नसेल तर चित्र काढण्याचीही परवानगी विचारावी.
- अहवालात खरी नावे देऊ नयेत. ‘वय ६५, महिला, पाड्यावरील रहिवासी’ एवढे पुरते. वस्ती लहान असेल तर वयही अंदाजे लिहावे.
- जात थेट विचारू नये. समोरच्याने स्वतः सांगितली आणि प्रश्नाशी संबंध असेल तरच नोंदवावी.
- कोंबडा-बकऱ्याचा बळी, दारूचा नैवेद्य, अंगात येणे याबद्दल ऐकताना हसू नये, नाक मुरडू नये.
- बिबट्याच्या हल्ल्यात कोणी जखमी झालेल्या किंवा दगावलेल्या घरात मुलांनी त्याबद्दल प्रश्न विचारू नयेत.
- मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच जावे आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. आरेत हा नियम बिबट्यामुळेही पाळावा लागतो.

आदिवासींचा धर्म कोणता, यावर बाहेर मोठे वाद आहेत. विद्यार्थ्याने आपले लेबल लावू नये. लोक स्वतःला जे म्हणवतात, तेच शब्द अहवालात यावेत.

मुलाखत कशी घ्यावी?

दहा-बारा मुलाखती पुरेशा आहेत. त्यात बाया, पुरुष, म्हातारे, तरुण असे सगळे हवेत. फक्त पुजारी, भगत किंवा मंडळाचा अध्यक्ष यांच्याशी बोलून थांबू नये. पूजेची तयारी करणाऱ्या बाईला जे ठाऊक असते, ते अध्यक्षांना अनेकदा नसते.

प्रश्नात उत्तर लपलेले नसावे. ‘ही अंधश्रद्धा आहे असे तुम्हाला वाटत नाही का?’ हा प्रश्न नव्हे, आरोप आहे. त्याऐवजी असे विचारावे :

- त्या दिवशी सकाळपासून काय-काय होते, सांगाल का?
- तुमच्या लहानपणी कसे होते? काय बदलले?
- कोण-कोण येते? कोणाला येता येत नाही?
- केले नाही तर काय होते असे म्हणतात? तुम्हाला स्वतःला काय वाटते?
- तुमच्या नातवंडांनी हे पुढे चालवावे असे वाटते का?

शेवटच्या दोन प्रश्नांत ‘लोक म्हणतात’ आणि ‘मला वाटते’ हे वेगळे होतात. धर्माच्या अभ्यासात बरेच काही त्या फटीत सापडते. उत्तर त्याच दिवशी, शक्यतो माणसाच्याच शब्दांत लिहून काढावे. वारली बोलीतला शब्द प्रमाण मराठीत बदलू नये. तो तसाच ठेवून शेजारी अर्थ द्यावा.

मोजणी आणि निष्कर्ष

वहीत तीन रकाने करावेत : पाहिले, ऐकले, मला वाटले. हे तीन मिसळले की प्रकल्प बिघडतो.

आकडे जपून वापरावेत. समजा वीसपैकी चौदा जणांनी पूर्वी सण मोठा होता असे सांगितले, तर ‘आम्ही बोललेल्या वीसपैकी चौदा जणांनी’ असेच लिहावे. ‘आरेतील ७० टक्के लोकांच्या मते’ लिहिणे खोटे ठरते, कारण ते वीसजण आपल्या ओळखीतून निवडलेले आहेत. बाकीचे सहाजण काय म्हणाले तेही लिहावे. निष्कर्षाला छेद देणारे उत्तर लपवू नये.

नैतिक प्रश्न कसा मांडावा?

मेट्रोचे उदाहरण घेऊ. वर्गात याची लगेच ‘झाडे विरुद्ध विकास’ अशी वादस्पर्धा होते. त्याऐवजी एक तक्ता करावा आणि त्यात संबंधित प्रत्येकाला ओळ द्यावी : लोकलच्या गर्दीत लटकून जाणारा कामगार, पाड्यावरचे कुटुंब, झाडासाठी रस्त्यावर उतरलेला तरुण, बांधकामावरचा मजूर, बिबट्या आणि झाड, पुढची पिढी. प्रत्येकापुढे लिहावे : काय मिळाले, काय गेले, निर्णयात त्याला विचारले होते का?

तिसरा रकाना महत्त्वाचा. नुकसान भरून देता येते, पण न विचारता घेतलेल्या निर्णयातला अपमान भरपाईने जात नाही. या टप्प्यावर विद्यार्थ्याने आपले मत द्यावे. त्याआधी विरुद्ध मताची सर्वांत भक्कम बाजू त्याने चार वाक्यांत लिहिलेली असावी. करुणा आणि प्रज्ञा हे शब्द आपण वंदनेनंतर रोज ऐकतो. अशा तक्त्यात ते कामाला लागतात.

बौद्ध घरातील विद्यार्थ्यांसाठी

आमच्या मुलांना दोन अडचणी येतात. एक, दुसऱ्याच्या देवस्थानी गेल्यावर तिथे चूक शोधण्याची घाई. बावीस प्रतिज्ञा आपल्या आचरणासाठी आहेत. त्या समोरच्याची परीक्षा घेण्यासाठी नाहीत. प्रसाद नको असेल तर नम्रपणे नाही म्हणावे आणि बसून ऐकावे. एखाद्या प्रथेत इजा होताना दिसली, उदाहरणार्थ भूतबाधेच्या नावाखाली मारहाण, तर गोष्ट प्रकल्पाच्या पलीकडे जाते. त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. ती गोष्ट शिक्षकांना किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगावी.

दुसरी अडचण उलटी आहे. वर्गात ‘तुमच्या घरी कोणता सण?’ विचारले की काही मुले गप्प होतात किंवा दुसऱ्याचाच सण लिहितात. त्यांना आम्ही सांगतो, की आपले घर हाही अभ्यासाचा विषय आहे. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, वर्षावास, ६ डिसेंबर या दिवसांचे घरात काय स्थान आहे? आजी धर्मांतराबद्दल काय सांगते? घरात अजून जुना देव किंवा जुना विधी टिकून आहे का आणि त्याचे कारण काय? कालाम सुत्ताची कसोटी आपल्यालाही लागू होते. मात्र कोणाही मुलाला त्याची ओळख वर्गात उघड करायला लावू नये. विषय त्याने स्वतः निवडला तरच हे काम करावे.

दहा आठवड्यांचे वेळापत्रक

पहिला आठवडा : विषय आणि प्रश्न.
दुसरा व तिसरा : वाचन, शाळेचे पत्र, पहिली ओळखभेट.
चौथा : प्रश्नावली तयार करून घरातल्या दोघांवर तपासणे.
पाचवा ते सातवा : मुलाखती आणि निरीक्षण. सण पाहायचा असेल तर तो याच काळात येईल असे मागून मोजावे.
आठवा : नोंदींचे वर्गीकरण.
नववा : अहवाल लेखन.
दहावा : ज्यांनी माहिती दिली त्यांना वाचून दाखवणे, दुरुस्ती, सादरीकरण.

अहवाल पंधरा-वीस पानांचा पुरे. क्रम असा : प्रश्न, तो का निवडला, आधी काय वाचले, पद्धत, काय आढळले, त्याचा अर्थ, नैतिक विचार, मर्यादा, आभार. मर्यादांत ‘आम्हाला स्त्रियांशी कमी बोलता आले’ असे सरळ लिहावे. त्याने गुण कमी होऊ नयेत, ही जबाबदारी शिक्षकांची.

शिक्षक आणि पालकांना विनंती

शिक्षकांनी सजावटीपेक्षा वहीतल्या कच्च्या नोंदी तपासाव्यात. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात चार-पाच जणांचे गट करावेत, पण गट जातीचे, धर्माचे किंवा वस्तीचे होणार नाहीत हे पाहावे. पाड्यावरच्या मुलाला ‘माहिती देणारा’ करून ठेवू नये. त्यालाही इमारतीतल्या सोसायटीच्या सत्यनारायणावर प्रश्न विचारू द्यावेत. पालकांनी प्रकल्प स्वतः लिहून देऊ नये. मुलाबरोबर चालत जावे, बाजूला बसावे, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला माहीत नसेल तर तसे सांगावे.

शेवटी, अहवालाची एक प्रत पाड्यावर किंवा ज्या वस्तीत काम केले तिथे द्यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलांनीच ती वाचून दाखवावी. कोणी म्हणेल, ‘असं नाही रे, आमचं वेगळं असतं’, तर ती दुरुस्ती नावाशिवाय, पण त्यांच्याच शब्दांत अहवालात घालावी. आपल्याबद्दल लिहिलेले आपल्याला ऐकायला मिळाले आणि दुरुस्त करता आले, हा मान आपल्या आजी-आजोबांच्या वाट्याला फारसा आला नाही. आपल्या मुलांच्या हातून तो इतरांना मिळावा.

जय भीम.